खरी नक्कल

दुसऱ्याची कॅसेट उघडताना माझा हात कधी थरथरला नाही. आज ही कबुली वाटते, पण तेव्हा मी ते बढाई म्हणून सांगायचो. मंचरला स्टँडच्या मागे माझं दुरुस्तीचं दुकान आहे. आधी टीव्ही आणि मिक्सरचं होतं, आता मोबाईलचं आहे. घर अवसरी बुद्रुकला. शेती थोरला भाऊ बघतो आणि मी जुने व्हिडिओ गेम जमवतो. टीव्हीला जोडायचा खोका, वायरीचे दोन रिमोट आणि वरून खुपसायची तळहाताएवढी कॅसेट. बाहेरचे जाणकार तिला कार्ट्रिज म्हणतात. आमच्याकडे ती पहिल्यापासून कॅसेटच.

या नादाचे आम्ही पंधरा-वीस जण आहोत, जुन्नरपासून मंचरपर्यंत पसरलेले. कुणाची द्राक्षबाग आहे, कुणी मास्तर आहे, कुणी एसटीत कंडक्टर. सगळ्यांनी चाळिशी ओलांडलेली, सगळ्यांच्या बायका वैतागलेल्या. रविवारी सकाळी मंचरच्या बाजारपेठेत एका शेठच्या दुकानाच्या माडीवर जमायचं. शेठ मूळचे राजस्थानातले जैन, पण तीन पिढ्या इथे गेलेल्या, त्यामुळे मराठी आमच्याहून चांगलं. त्यांच्या वडिलांनी याच दुकानातून आम्हाला लहानपणी कॅसेटी विकल्या होत्या, म्हणून माडीवर आपला हक्कच आहे असं आम्ही धरून चालायचो. शेठ चहा पाजायचे आणि कोपऱ्यात बसून आमची भांडणं ऐकायचे.

भांडण एकच. अस्सल की नक्कल. आमच्या लहानपणी या दोन तालुक्यांत आलेली जवळजवळ प्रत्येक कॅसेट नकली होती, हे आम्हाला तिशीत कळलं. एकात शंभर गेम म्हणून घेतलेल्या कॅसेटीत चारच गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा निघायचे, आणि त्यातही आम्ही सुखी होतो. मग मोबाईल आला, जपानातली मूळ कॅसेट कशी दिसायची ते कळलं, आणि लहानपणी आपल्याला फसवलं गेलं याचा राग आला. तो कुणावर काढायचा ते कळेना. तो एकमेकांवर काढायची सोय मी करून दिली.

कुणी नवी कॅसेट आणली की ती आधी माझ्या हातात यायची. मी पातळ पट्टी सांध्यात घालायचो, कट्‌ असा आवाज व्हायचा. आतल्या प्लास्टिकच्या खुट्या कधी टिकायच्या, कधी मोडायच्या. मोडल्या तर मोडल्या. आतली सर्किटची पाटी बघायची, चिप बघायची, सोल्डर बघायचं आणि निकाल द्यायचा. डुप्लिकेट. हा शब्द मी मुद्दाम सावकाश उच्चारायचो. ओतूरच्या एका मास्तरांना त्यांच्या बायकोने लग्नाच्या वाढदिवसाला कॅसेट दिली होती, कुठून तरी मागवून, महिनाभर घरात लपवून. मास्तर ती हातरुमालात गुंडाळून घेऊन आले. मी उघडली तर आत कालपरवाचं सोल्डर.

"मास्तर, कॅसेट डुप्लिकेट हाय," मी म्हटलं. "वहिनी तरी ओरिजिनल हायत का, ते बघून घ्या."

माडी हसली. मास्तरही हसले. पुढच्या रविवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही रविवारी नाहीत. बरं झालं, एक गावंढळ कमी झाला, असं मला वाटलं.

माझ्याकडे एक कॅसेट होती, तिच्यापुढे बाकीच्यांचा सगळा संग्रह फिका. जपानी, निळसर रंगाची, एका भटक्या तलवारवाल्याचा गेम. जपानाबाहेर तो कधी विकला गेला नाही. पुण्याच्या एका माणसाकडून ती घेतली. त्यासाठी मोटारसायकल विकली आणि बायकोला सांगितलं की चोरीला गेली. पाठीवर एका जपानी दुकानाचं पिवळं पडलेलं लेबलही होतं. काचेसारख्या पेटीत घालून मी ती लोकांना दाखवायचो आणि सांगायचो, हिच्या सांध्यात अजून कुणी पट्टी घातलेली नाही, तेच हिचं मोल. सगळ्यांच्या कॅसेटी उघडणाऱ्या माणसाने स्वतःची एकदाही उघडली नाही, हे कुणाला खटकलं नाही. मला तर नाहीच नाही.

तिच्या पुढच्या चित्राखाली बारीक जपानी अक्षरांची एक ओळ होती आणि त्या अक्षरांच्या डोक्यावरून एक आडवी रेघ गेली होती, केसाएवढी. ही रेघ मी शोधून काढली. माडीवर भिंग नेऊन एकेकाला दाखवली. "हे जपानी मानसाचं काम," मी सांगायचो. "अस्सल वळखायची ही खूण. नकलेत ही रेघ घावायची न्हाई." लोकांनी मोबाईलवर फोटो काढून घेतले.

एका रविवारी शेठ कोपऱ्यातून उठले आणि कपाटातून एक कॅसेट घेऊन आले. तोच गेम. त्यांचे मामा जपानात कोबेला मोत्यांच्या धंद्यात होते, त्यांनी भाच्यासाठी आणली होती. सगळं जपानीत, कुणाला काही कळेना, म्हणून पडून राहिली. शेठ थोडे लाजत म्हणाले, "तुमची पाहिली आणि आठवण झाली. मामांनी स्वतःच्या हाताने दिली होती. बघा तर खरं."

मी भिंग लावलं. अक्षरं होती, रेघ नव्हती. उघडून बघायचीही मला गरज वाटली नाही.

"शेठ, तुमच्या मामानं ही मुंबईच्या फुटपाथवरनं उचलली आन् कोबेची म्हनून तुमच्या गळ्यात मारली."

लोक हसले. शेठचा चेहरा उतरला. "मामा खोटं बोलणारे नव्हते हो," एवढंच म्हणाले, कॅसेट परत कपाटात टाकली आणि चहाचं बघायला खाली गेले. एरवी त्यांच्या बोलण्यात दर रविवारी मामा यायचेच. त्या दिवसानंतर माडीवर त्यांनी मामांचं नाव काढलं नाही.

घोडेगावच्या एका सरकारी कचेरीत रेकॉर्ड सांभाळणारे एक कारकून आमच्यात उशिरा आले. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिलेलं, चष्म्याला दोरी, खिशाला दोन पेनं. सगळी नोकरी जुन्या कागदांच्या नकला देण्यात गेलेली, आधी हाताने लिहून, नंतर झेरॉक्स काढून. प्रत्येक नकलेखाली शिक्का: खरी नक्कल. हे भाऊसाहेब घरी कॅसेटीही बनवायचे. एखाद्या स्वस्तातल्या जपानी कॅसेटीचं कवच घ्यायचं, आतली चिप काढून दुसरी लावायची, तिच्यात कुठेच न मिळणारा गेम भरायचा आणि लेबल स्वतःच्या हाताने रंगवायचं. शेवटी पाठीवर जांभळ्या शाईत शिक्का मारायचा: खरी नक्कल, खाली तारीख. हा शिक्का कचेरीचा नव्हता. त्यांनी तो मंचरच्या शिक्केवाल्याकडून पदरचे पैसे घालून करून घेतला होता. चौकोनी होता आणि त्यावर कुठल्याही कचेरीचं नाव नव्हतं.

पहिल्याच दिवशी मी त्यांना सगळ्यांसमोर चोर म्हटलं.

"नक्कल म्हंजी खोटं न्हाई, राव," ते शांतपणे म्हणाले. "अस्सल कागद आमच्याकडं फडक्यात बांधून ऱ्हातो. तो कुनाला घरी न्हेऊ देत न्हाईत. मानसाला वापराया नक्कलच मिळती, कोर्टात बी तीच चालती. फकस्त ती नक्कल हाय हे तिच्या अंगावर लिवल्यालं पायजे. न लिवता दिली, तर ती खोटी."

"आन् ज्यानं गेम केला त्याला इचारलंय का?"

"न्हाई इचारलं. ते माझं चुकतंच," ते म्हणाले. "म्हनून तर मी धंदा करत न्हाई. चिपंचं जे लागंल तेवढंच घेतो."

इतकं सरळ उत्तर दिल्यावर भांडायचं कसं? मला त्या सरळपणाचाच राग आला.

खरा राग पुढे आला. माडीवरच्या लोकांना त्यांच्या नकला माझ्या अस्सल कॅसेटींहून जास्त आवडायला लागल्या, कारण भाऊसाहेब गेम मराठीत करायचे. एकेक अक्षर ठिपक्या-ठिपक्यांनी बसवायचं, आठ ठिपके रुंद, आठ उंच, त्यातला वरचा ठिपका शिरोरेषेसाठी राखून. मराठीही पुस्तकातलं नाही, घोडेगावच्या स्टँडवरचं. गेममधला दुकानदार विचारायचा, "काय पायजे, भाऊ?" बंद दरवाज्यावर पाटी असायची, "सायेब मीटिंगला गेल्यात." आणि गेममध्ये माणूस मेला की पडद्यावर यायचं, "लई घाई केली राव." लोक ते वाचायला मुद्दाम मरायचे. शेठ तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. भाऊसाहेबांनी त्या भटक्या तलवारवाल्याचा गेमही मराठीत करायला घेतला होता आणि तो अर्धा झाला होता. माझ्या पेटीकडे कुणी मान वळवून बघेना.

त्या हिवाळ्यात शेठनी माडीवर प्रदर्शन भरवलं, गावातल्या लोकांना बघायला मिळावं म्हणून. मधल्या टेबलावर माझी पेटी. भाऊसाहेब तिच्यापुढे बराच वेळ उभे राहिले, चष्मा कपाळावर चढवून, पेटीला नाक लावून. मी भिंग पुढे केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ही रेघ बघा, भाऊसाहेब. तुमच्या बापजन्मात जमायची न्हाई."

त्यांनी रेघेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "झ्याक हाय," म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या दुकानात आले. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाकावर बसून राहिले. मग काउंटरपाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "राव, राग मानू नका. ती कॅसेट माझी हाय."

मी हसलो.

"तुमच्यात यायच्या आधी म्या केल्याली," ते म्हणाले. "पुन्याच्या एकानं मागितली व्हती, जपानीतलीच. शिक्का मारून दिली. पुढं कुनीतरी तो खरवडला आन् वर त्या जपानी दुकानाचं लेबल डकवलं. ती रेघ माझीच हाय. मला जपानी येत न्हाई, चित्र काढावं तशी अक्षरं काढली. पर हाताची सवय, राव. ओळ झाली का वरनं रेघ ओढायची. तीस वर्सं तेच करतोय. ओढल्यावर ध्यानात आलं का जपान्याला शिरोरेषा नसती."

मी काउंटरवरचा स्क्रूड्रायव्हर उचलून पुन्हा जागेवर ठेवला.

"आत पाटीवर बी शिक्का हाय. मी दोन मारतो. भायेरचा गेला तरी आतला ऱ्हातो. वाटलं तर उघडून बघा. मी कुनाला बोलनार न्हाई. काल तिथंच बोललो असतो, पर चारचौघांत बरं दिसत न्हाई."

मी त्यांना चहा पाजला. ते गेल्यावर शटर निम्मं ओढलं आणि पेटीतून कॅसेट काढली. पाठीवरचं लेबल नखाने उचकटलं. खाली प्लास्टिक ब्लेडने खरवडलेलं होतं. मग सांध्यात पट्टी घातली. दोन खुट्या मोडल्या. आत हिरव्या पाटीवर जांभळी अक्षरं, शाई जरासुद्धा फिकी झालेली नव्हती. खरी नक्कल.

पुण्याच्या त्या माणसाचा मला राग आला नाही. गेलेल्या मोटारसायकलचंही काही वाटलं नाही. डोक्यात एकच गोष्ट बसली, की हे जगात एका माणसाला माहीत आहे. त्यांनी मला माडीवर सगळ्यांदेखत उघडं पाडलं असतं, तर मी भांडलो असतो, शिव्या दिल्या असत्या आणि कधीतरी विसरलोही असतो. त्यांनी मला झाकलं. मी कुणाला कधी झाकलं नव्हतं, आणि ते मला झाकून गेले, हे मला सहन होईना.

मग आणखी एक गोष्ट लक्षात आली. रेघ खोटी, तर शेठची बिनरेघेची कॅसेट खरी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेठच्या दुकानात गेलो आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "शेठ, ती डुप्लिकेट पडलीय न्हवं? मला पार्टसाठी पायजे व्हती." शेठ स्वतः माडीवर गेले, शोधून, फडक्याने पुसून घेऊन आले. काही घेतलं नाही. म्हणाले, "न्या की. तुमच्या कामाला आली तर मामांना बरंच वाटेल."

घरी नेऊन मी ती उघडली. आत जपानी पाटी, कारखान्यातलं सोल्डर, सगळं जिथल्या तिथे. ती मी माझ्या पेटीत ठेवली. भिंग घेऊन पुन्हा कुणी बघितलं नाही, लोक एकदाच बघतात. शेठना मी आजपर्यंत सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते कॅसेट मागणार नाहीत, मामा खरे निघाले म्हणून आनंदाने पेढे वाटतील. त्याचीच मला जास्त भीती वाटते.

आता भाऊसाहेब राहिले. आमच्याकडे एखाद्याचं वाईट करायला भांडावं लागत नाही, मारामारी करावी लागत नाही. निनावी अर्ज टाकला की काम होतं. मी लिहिलं, की सदर कर्मचारी सरकारी शिक्क्याचा वापर व्हिडिओ गेमच्या कॅसेटींवर करतो. खाली लिहिलं, की तोच कर्मचारी शिक्का न मारलेल्या नकला अस्सल म्हणून पुण्यात विकतो. शिक्का मारतो हाही गुन्हा आणि मारत नाही हाही गुन्हा. निनावी अर्जाचं एवढं बारकाईने कोण बघतं! टायपिंगवाल्याकडे गेलो असतो तर त्याने ओळखलं असतं, म्हणून मी हाताने लिहिलं, कागद नवा घेतला आणि पाकीट जुन्नरला जाऊन टाकलं. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते, हे मला पक्कं ठाऊक होतं. ते ठाऊक होतं म्हणूनच टाकलं.

कचेरीचं काही चुकलं नाही. अर्ज आला की चौकशी करावीच लागते. भाऊसाहेबांना नोटीस मिळाली, सोबत अर्जाची झेरॉक्स नक्कल, खुलासा द्या म्हणून. गोष्ट घोडेगावात फुटली आणि आठवड्यात मंचरला आली. ज्यांनी त्यांच्या हातून उतारे नेले होते, ते स्टँडवर त्यांना हाक मारून म्हणायचे, "भाऊसाहेब, माझ्या म्हशीवर बी एक शिक्का मारा की, खरी हाय का बघू." ते हसून पुढे जायचे. मग त्यांनी स्टँडवरून जाणं सोडलं आणि रविवारी येणंही सोडलं. माडीवर लोक मला विचारायचे, तुमाला काय वाटतं? मी म्हणायचो, "मी काय बोलू? मानूस चांगला हाय." आणि 'चांगला हाय' नंतर थोडा थांबायचो. त्या थांबण्याने जे व्हायचं ते व्हायचं.

महिनाभराने ते दुकानात आले. शर्ट अंगावर सैल लोंबत होता. बाकावर बसले नाहीत, सरळ काउंटरपाशी आले.

"शिक्क्याचं मिटलं," ते म्हणाले. "सायबांनी दोन्ही शिक्के शेजारी ठिवून बघितले. माझा चौकोनी, कचेरीचा गोल. ऱ्हायलं ते दुसरं. बिनशिक्क्याची इकली म्हनत्यात. सायेब म्हनले, भायेरचा शिक्का कुनी खरवडला तरी आतला ऱ्हातो, असं कुनी जानकार लिवून देत असंल तर जोडा, फाईल बंद करू."

मला पुढचं कळलं.

"तुमी सोता उघडून बघितली असंलच," ते म्हणाले. "तुमची कॅसेट म्हनून लिवू नका. एका कॅसेटीत बघितलं, एवढंच लिवा. एकच ओळ. तीस वर्सांत माझ्या सेवापुस्तकात एक ठपका न्हाई, राव. शेवटच्या पानावर नको वाटतो."

त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला आणि खिशातलं पेनही दिलं.

एक ओळ. ती लिहिली असती तर माझं फार काही बिघडलं नसतं. कुणी विचारलंच असतं, कुठली हो कॅसेट? मी थाप मारली असती, थापा मला येतात. पण लिहायला वाकलो आणि डोळ्यांसमोर माडी आली, मास्तर आले, शेठ आले, सगळे भिंग घेऊन माझ्याकडे बघत असलेले. मी लिहिलं: 'सदर व्यक्तीने बनविलेल्या नकलांपैकी, बाहेरील शिक्का नसलेली परंतु आतील शिक्का असलेली अशी कोणतीही कॅसेट माझ्या पाहण्यात आलेली नाही.' घोटून, स्वच्छ, एकही खाडाखोड नाही.

भाऊसाहेब काउंटरच्या पलीकडून उलटं वाचत होते. अशा माणसाला उलटं वाचायलाही वेळ लागत नाही. वाक्य संपलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला, पण ते रागावले नाहीत. मला वाटतं, त्यांना वाटलं की मी घाबरलोय. त्यांनी समजुतीच्या आवाजात विचारलं, "घाबरू नका, परत लिवा. वर नोटिशीचा नंबर बी टाकाय लागंल, देऊ का?" आणि पिशवीतून नोटीस काढली. तिच्या मागे टाचलेली अर्जाची नक्कलही वर आली. ती त्यांनी माझ्या कागदाशेजारी ठेवली.

नंबर शोधताना त्यांचं बोट थांबलं.

अवसरीच्या शाळेत आमचे गुरुजी जोडाक्षरं जुन्या वळणाने लिहून घ्यायचे. शेजारी शेजारी क काढला की हातावर छडी बसायची. एका क च्या पोटाखाली दुसरा क. आता कुणी तसं लिहीत नाही, माझ्या हातून मात्र तसंच उतरतं. ते तसं उतरतं हे मला इतक्या वर्षांत कधी जाणवलंही नव्हतं. शिक्का हा शब्द अर्जात चार वेळा होता आणि माझ्या कागदावर दोनदा. भाऊसाहेबांचं बोट अर्जावरच्या शिक्क्यावरून माझ्या शिक्क्यावर आलं, परत अर्जावर गेलं. आयुष्यभर दुसऱ्यांची अक्षरं वाचलेला माणूस. मीही बघितलं आणि मलाही दिसलं.

"अक्षर लई सुरेख हाय तुमचं, राव," ते म्हणाले.

त्यांनी माझा कागद उचलला, अर्जावर ठेवला आणि दोन्हींची मिळून एक घडी घातली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊसाहेब, सही ऱ्हायली."

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "तुमाला सही लागत न्हाई." पेन खिशाला लावलं आणि पायरी उतरून गेले.

त्यांनी तो कागद कुठेही जोडला नाही. माझ्यावर उलटा अर्ज केला नाही. घरी बनवलेल्या वस्तूंवर सरकारी नकलेचे शब्द वापरायला नको होते, असं लिहून दिलं आणि सेवापुस्तकाच्या शेवटच्या पानावर ठपका घेतला. निरोप समारंभ नको म्हणाले, शेवटच्या दिवशी सही करून चालत घरी गेले. अर्धा झालेला मराठी गेम त्यांनी पुसून टाकला, असं शेठना कुणीतरी सांगितलं. शेठना त्याचं फार वाईट वाटलं.

भाऊसाहेबांनी माझं नाव कुणाला सांगितलेलं नाही. हे मला कळतं, कारण लोक अजून माझ्याकडे कॅसेटी घेऊन येतात, मी उघडतो आणि निकाल देतो. पहिले काही महिने मला धाकधूक होती की ते एका रविवारी माडी चढून येतील आणि चारचौघांत ती घडी उलगडतील. आता मला वाटतं, त्यांनी यावं, एकदाच यावं आणि तोंडावर मारावं. ते येत नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांचा मनापासून द्वेष करतो. गेल्या रविवारी विषय निघाला तेव्हा शेठनी विचारलं, "असा अर्ज टाकणारा माणूस कोण असेल हो?" मी म्हटलं, "असत्यात, शेठ, अशी बी मानसं असत्यात." सगळ्यांनी माना हलवल्या.